किती घट्ट, किती सैल

पावसाळ्याच्या तोंडावर मुरुडच्या बाजारात येणारा बांगडा भरलेला असतो. विळीवर पोट चिरले की मादीतून पिवळसर, दाणेदार गाभोळी निघते आणि ती जपून बाजूला ठेवली जाते. नर असला तर आतड्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या, गुळगुळीत, बोटाएवढ्या दोन पट्ट्या सापडतात. त्यांना गाभोळीचा मान नाही. बहुतेक वेळा त्या आतड्यांबरोबर मांजरांच्या वाट्याला जातात. या पांढऱ्या पट्टीत कोट्यवधी शुक्रपेशी असतात, आणि शुक्रपेशीचे डोके म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रक. डीएनए इतक्या दाटीने भरलेला दुसरा जिन्नस अख्ख्या बाजारात शोधून मिळणार नाही.

पेशीच्या केंद्रकात काय असते हे माणसाला प्रथम कळले ते अशाच टाकाऊ वस्तूंतून. फ्रिडरिश मिशर याने १८६९ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून 'न्यूक्लिन' वेगळे केले. त्यालाच आज आपण डीएनए म्हणतो. पुढे बाझेलला त्याने ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांचे शुक्रद्रव्य घेतले आणि १८७४ मध्ये त्यातून डीएनएला चिकटून बसलेला एक अल्कधर्मी पदार्थ काढला. तो प्रोटामिन. दहा वर्षांनी, १८८४ मध्ये, आल्ब्रेख्त कोसेलने हंसाच्या रक्तातल्या लाल पेशींतून त्याचाच दूरचा नातलग काढला आणि त्याला हिस्टोन म्हटले. त्या काळात ज्या माशाचे प्रोटामिन, त्या माशाचे नाव देत: सामनचे साल्मिन, हेरिंगचे क्लुपेइन आणि युरोपातल्या बांगड्याचे स्कॉम्ब्रिन. हे पदार्थ आजही रोजच्या उपयोगात आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि काम संपल्यावर त्याचा परिणाम उतरवायला प्रोटामिन टोचतात. मधुमेहींच्या 'एनपीएच' इन्सुलिनमधला 'पी' हाही प्रोटामिनचाच.

बांगड्याच्या शुक्रपेशीतला डीएनए प्रोटामिनने असा करकचून बांधलेला असतो, कारण त्याला फक्त प्रवास करायचा आहे. तिथे कुठलेही जनुक वाचायचे नसते. आपल्या यकृतातल्या किंवा मेंदूतल्या पेशीला मात्र ही चैन परवडत नाही. तिलाही जवळजवळ दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवायचा असतो, पण तो बसवलेला असतानाच वाचायचाही असतो. घट्ट बांधणे आणि वाचता येणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधायची ही अडचण, आणि ती सोडवण्यात ज्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे ते म्हणजे एच-वन. त्याला लिंकर हिस्टोन म्हणतात.

हिस्टोनांचे पाच मुख्य वर्ग. त्यांपैकी चार वर्गांची प्रत्येकी दोन प्रथिने एकत्र येऊन आठांचा गोळा होतो, आणि त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या जेमतेम पावणेदोन फेरे घेतात. हा न्यूक्लिओसोम. रॉजर कोर्नबर्गने १९७४ मध्ये त्याची मांडणी केली, आणि १९९७ मध्ये कॅरोलिन लूगर व सहकाऱ्यांनी त्याची अणूअणूपर्यंतची रचना दाखवली. पाचवा वर्ग एच-वनचा. तो या गोळ्यात नसतो. डीएनए गोळ्याभोवती जिथे आत शिरतो आणि जिथून बाहेर पडतो त्या तोंडाशी तो बाहेरून बसतो, आणखी वीसेक बेस-जोड्या आपल्या कवेत घेतो आणि पुढच्या न्यूक्लिओसोमकडे जाणाऱ्या मोकळ्या डीएनएवर आपले शेपूट टाकून राहतो. एच-वन हे एकाच प्रथिनाचे नावही नाही. माणसात त्याचे ११ प्रकार आहेत: सात शरीराच्या साध्या पेशींत, तीन वृषणात, एक अंडपेशीत.

माझे म्हणणे असे की गेली पन्नास वर्षे आपण या प्रथिनाला चुकीचा प्रश्न विचारत आलो. 'हे आहे की नाही' आणि 'हे नसले तर काय बिघडते' असे विचारले की ते गौण ठरते. 'किती आहे' आणि 'किती वेळ धरून बसते' असे विचारले की जनुकांच्या नियंत्रणातले त्याचे वजन कळते. आणि ही चूक एका प्रथिनापुरती नाही. वर्तमानपत्रांपासून वर्गापर्यंत जनुकांबद्दल बोलण्याची आपली सगळी पद्धत 'चालू' आणि 'बंद' या दोन शब्दांवर उभी आहे. एच-वन त्या भाषेत मावत नाही.

चूक झाली ती चित्रामुळे. १९७६ मध्ये जॉन फिंच आणि ॲरन क्लूग यांनी मांडले की न्यूक्लिओसोमांची रांग मळसूत्रासारखी गुंडाळली जाऊन ३० नॅनोमीटर जाडीचा तंतू तयार होतो. १९७९ मध्ये फ्रिट्झ थोमा आणि क्लूग यांच्या गटाने दाखवले की एच-वन असेल तरच ही मांडणी नीट होते. दोन्ही प्रयोग उत्तम होते. पण त्यांतून पाठ्यपुस्तकात जे उतरले ते असे: एच-वन म्हणजे तंतू बांधणारा चाप, आणि चाप लागला की जनुक बंद. पुढची चाळीस वर्षे विद्यार्थी हे चित्र काढत राहिले. २०१७ मध्ये क्लोदा ओ'शीच्या प्रयोगशाळेने माणसाच्या पेशींत, केंद्रक न फोडता, क्रोमॅटिन, म्हणजे हिस्टोनांसकट डीएनए, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तो नेटका ३० नॅनोमीटरचा तंतू सापडला नाही. सापडली ती ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची, वेडीवाकडी, कुठे दाट तर कुठे विरळ अशी साखळी. ज्या तंतूचा चाप म्हणून एच-वनला नोकरी दिली होती तो तंतूच बहुतेक पेशींत तसा नाही. मग चापाची भूमिका पुन्हा तपासायला नको?

त्याच्या अंगकाठीतही उत्तर दडलेले आहे. मधला सुमारे ऐंशी अमिनो आम्लांचा भाग घट्ट घडीचा. त्याची स्फटिकरचना १९९३ मध्ये व्यंकी रामकृष्णन यांनी सोडवली, कोंबडीच्या लाल पेशीतल्या एच-फाइव्ह या लिंकर हिस्टोनवर काम करून. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या रामकृष्णन यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले ते रायबोसोमच्या रचनेसाठी, त्यामुळे हे आधीचे काम आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. पण घडीचा हा भाग म्हणजे निम्म्याहून कमी प्रथिन. त्याच्या मागे सुमारे शंभर अमिनो आम्लांचे शेपूट आहे. त्यात लायसिनची रेलचेल, म्हणून भरपूर धन प्रभार, आणि आकार मात्र कुठलाच नाही. स्फटिकात ते दिसत नाही. जे दिसत नाही त्याला काम नाही असे धरून चालणे विज्ञानातही घडते, आणि इथे ते घडले. २०१८ मध्ये झुरिकच्या बेन शुलर आणि कोपनहेगनच्या बिर्थे क्राघेलुंड यांच्या गटांनी दाखवले की एच-वन आणि प्रोथायमोसिन-आल्फा ही दोन प्रथिने एकमेकांना विलक्षण घट्ट धरतात, आणि धरलेल्या अवस्थेतही दोघांना ठरावीक आकार येत नाही. पकड मजबूत असायला घडण ताठ असावी लागते हा समज त्या प्रयोगाने मोडला.

त्याआधी डिसेंबर २००० मध्ये 'नेचर'च्या पानांवर दोन गटांचे निबंध आले होते. एच-वनला चमकणारे प्रथिन जोडायचे, जिवंत पेशीच्या केंद्रकातल्या एका ठिपक्यावर लेझर मारून तिथली चमक विझवायची आणि ती परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. चाप जागच्या जागी बसून असता तर ठिपका काळाच राहिला असता. तो काही मिनिटांत पुन्हा उजळला. याचा अर्थ, एच-वनचा प्रत्येक रेणू काही मिनिटांनी जागा सोडतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. आतल्या गोळ्यातले हिस्टोन तासन्‌तास हलत नाहीत. राजपुरीच्या जेट्टीवर किंवा खोरा बंदरात नांगरलेल्या होड्यांचे दोर पाहा: भरती-ओहोटीच्या पाण्यात होडी टिकावी म्हणून दोराला ढील ठेवतात, आणि किती ढील ठेवायची हे नाखव्याला उधाण-भांगावरून ठरवावे लागते. एच-वनची ढील अशीच हिशेबाची आहे. सुटलेल्या क्षणात जनुक वाचणाऱ्या प्रथिनांना आत शिरायला फट मिळते. एच-वन दाट असेल तर फट लवकर मिटते, विरळ असेल तर उशिरा. पेशी विभाजनाच्या वेळी एच-वनवर फॉस्फेट चिकटवून ही पकड बदलली जाते. म्हणून तर पेशीचक्र हाकणाऱ्या विकराची चाचणी वर्षानुवर्षे 'एच-वनला फॉस्फेट लावणारा विकर' म्हणून केली जात होती.

आता आक्षेप घेऊ, आणि तो कमकुवत करून घेणे बरोबर नाही. १९९५ मध्ये मार्टिन गोरोव्हस्कीच्या प्रयोगशाळेने टेट्राहायमेना या एकपेशीय जिवातून एच-वन पार काढून टाकले. जीव मेला नाही. केंद्रक तेवढे फुगले. उंदरात एकेक प्रकार काढला तर उंदीर धडधाकट जन्मला. आर्थर स्कूल्चीच्या गटाने २००३ मध्ये उंदरातले तीन प्रकार एकदम काढले, तेव्हा कुठे भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यावर दगावले. २००५ मध्ये याच गटातल्या युहोंग फान आणि सहकाऱ्यांनी अशा भ्रूणांच्या मूलपेशी तपासल्या. एच-वन निम्म्यावर आले होते, दोन न्यूक्लिओसोमांमधले अंतर १८९ वरून १७४ बेस-जोड्यांवर आक्रसले होते, आणि तरीही ठळक फरक पडलेली जनुके निघाली फक्त २९. 'सर्व डीएनएवर बसणाऱ्या प्रथिनाने हजारो जनुके हलायला हवी होती. म्हणजे हे नियंत्रक नव्हेच, नुसते भरण आहे' असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि वरवर तो बिनतोड वाटतो.

मला तो पटत नाही. पहिले कारण त्या २९ जनुकांतच आहे. त्यांत एच-नाइन्टीन आणि आयजीएफ-टू यांसारखी जनुके होती, ज्यांची आईकडून आलेली प्रत एक वागते आणि बापाकडून आलेली दुसरे. जिथे दोन प्रतींत फरक राखायचा आहे, म्हणजे तोल अगदी काठावर आहे, नेमके तिथेच एच-वन कमी झाल्याचा फटका बसला. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. मोजणी झाली ती शांत, न बदलणाऱ्या मूलपेशीत. २०१२ मध्ये याच पेशींना 'आता बदला, चेतापेशी व्हा' असा इशारा दिला, तेव्हा त्या अडखळल्या. मूलपेशीपण टिकवणारे ऑक्ट-फोर हे जनुक जसे दबायला हवे तसे दबेना. एका क्षणाची छबी घेऊन २९ हा आकडा आला होता. पेशीचे आयुष्य म्हणजे अशा क्षणांची मालिका, आणि एच-वनचे काम एका अवस्थेतून दुसरीत जाताना दिसते. बांधलेल्या घराची एक भिंत पाडून 'घर उभे आहे' असे म्हणणाऱ्याने वादळ येईपर्यंत थांबायला हवे होते.

प्रमाणाचे महत्त्व पाहायचे असेल तर वेगवेगळ्या पेशींतले एच-वन शेजारी शेजारी ठेवावे. सस्तन प्राण्यांच्या बहुतेक पेशींत दर न्यूक्लिओसोममागे साधारण ०.८ एच-वन असते. मेंदूच्या चेतापेशींत ते ०.४५ च्या आसपास उतरते, आणि तिथे दोन न्यूक्लिओसोमांतले अंतरही सुमारे १६५ बेस-जोड्यांवर येते. दुसऱ्या टोकाला कोंबडीची लाल पेशी. आपल्या लाल पेशीला केंद्रक नसते, कोंबडीच्या असते; पण ते जवळजवळ निवृत्त झालेले असते. चिकनच्या दुकानातल्या पाटावरचे थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले तरी लंबगोल पेशीच्या मधोमध तो गडद ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात दर न्यूक्लिओसोममागे सुमारे १.३ लिंकर हिस्टोन, त्यात एच-फाइव्हचा मोठा वाटा, आणि अंतर २१२ च्या घरात. चेतापेशी, यकृत, कोंबडीचे रक्त: यांतली कुठलीच पेशी पूर्ण 'चालू' नाही, कुठलीच पूर्ण 'बंद' नाही. प्रत्येकीने आपापल्या कामाची पातळी धरली आहे.

प्रमाणाइतकाच प्रकारही बोलतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एस. राव यांच्या प्रयोगशाळेने नव्वदच्या दशकात उंदराच्या वृषणातले एच-वन-टी तपासले, तेव्हा ते डीएनए आवळण्यात चक्क कच्चे निघाले. यकृतातल्या एच-वनच्या शेपटात जे विशिष्ट तुकडे डीएनए आवळतात ते याच्यात नव्हते. वरवर हा दोष. पण शुक्रपेशी घडत असतानाच गुणसूत्रांची आपसात देवाणघेवाण व्हायची असते, आणि नंतर हिस्टोन हटून प्रोटामिन यायचे असते. त्या टप्प्यावर सैल हिस्टोनच हवा.

आणि इथून वाट पुन्हा समुद्राकडे वळते. प्राण्यांच्या शुक्रपेशींत डीएनए बांधण्याच्या तीन तऱ्हा आहेत. काही प्राणी साधे हिस्टोनच ठेवतात. आपल्याकडचा गोड्या पाण्यातला कार्प त्यांतला. काही, सामन, हेरिंग, बांगड्याच्या कुळातले मासे आणि माकुलही, आर्जिनिनने भरलेले प्रोटामिन वापरतात. आणि शिंपल्यांच्या कितीतरी जातींत या दोघांच्या मधले प्रथिन असते. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या स्पिसुला या शिंपल्यात तर ते उघड उघड एच-वन आहे: मधोमध तीच घडी, दोन्ही बाजूंना लायसिन-आर्जिनिनची लांब शेपटे. व्हिक्टोरिया विद्यापीठाचे हुआन आउझियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून मांडणी केली की प्रोटामिन हे एच-वनच्या शेपटातूनच उत्क्रांत झाले.

लायसिनचे शेपूट आर्जिनिनचे कसे झाले असेल? २००४ मध्ये या गटाने ट्युनिकेट नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री जिवांत त्याचा पुरावा दाखवला, आणि तो समजायला प्रयोगशाळा लागत नाही. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचतात. लायसिनचा एक शब्द म्हणजे एएजी. शेपटात लायसिन ओळीने येतात, म्हणून डीएनएवर एएजी एएजी एएजी असे लिहिलेले असते. आता आधी कुठेतरी एक अक्षर गळाले किंवा वाढले आणि वाचन एका घराने सरकले, तर तीच ओळ एजीए एजीए एजीए अशी वाचली जाते. एजीए म्हणजे आर्जिनिन. एका अक्षराच्या घसरणीत सैल पकडीचे शेपूट घट्ट पकडीचे झाले, कारण आर्जिनिनच्या टोकाला डीएनएच्या फॉस्फेटला धरायला लायसिनपेक्षा जास्त जागा आहेत. कणाधारी प्राण्यांत हा इतिहास अनुमानानेच जोडावा लागतो. ट्युनिकेटांत मात्र ही घसरण अक्षरशः वाचता येते.

हीच घसरण माणसाच्या मुलात झाली तर काय होते हेही आता माहीत आहे. २०१७ मध्ये केटरिना टॅटन-ब्राउन आणि नाझनीन रहमान यांच्या गटाने काही मुलांत एच-वन-ई या जनुकाच्या शेपटाकडच्या भागात वाचन सरकल्याचे दाखवले. त्या मुलांना बौद्धिक विकासात अडथळा येतो, स्नायू सैल असतात, अंगकाठीची वाढ वेगळी होते. त्याला आज रहमान सिंड्रोम म्हणतात. इथे सरकलेल्या वाचनातून आर्जिनिनची माळ निघाली नाही. शेपूट आखूड झाले आणि त्याचा धन प्रभार घटला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या मुलांत जनुकाची दुसरी प्रत धड असते आणि एच-वनचे बाकीचे प्रकारही असतात. तरी आजार होतो. 'आहे की नाही' या प्रश्नाला इथे काही अर्थच उरत नाही. प्रथिन आहे, त्याची पकड थोडी बदलली आहे, आणि तेवढ्याने एका मुलाचे आयुष्य बदलते.

कर्करोगातही हेच. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या दोन अभ्यासांनी लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, एच-वनच्या जनुकांतली उत्परिवर्तने काय करतात ते उलगडले. एच-वन उणे झाले की आवळून ठेवलेले क्रोमॅटिनचे पट्टे सैल होतात, हिस्टोनांवरच्या रासायनिक खुणा बदलतात, आणि विकासाच्या सुरुवातीला गरजेपुरती वापरून मिटवलेली जनुके पुन्हा बोलू लागतात. रायगड जिल्ह्यातच, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे, आणि हिस्टोनांतले बदल व कर्करोग यांवर तिथे संजय गुप्ता यांच्या गटाने बरेच काम केले आहे. अशा आजारावर औषध शोधणाऱ्याला 'जनुक बंद करा' ही भाषा पुरणार नाही. एच-वन आणखी भरून सगळे आवळून टाकले तर पेशीला बदलताच येणार नाही. सोडून दिले तर ती भरकटते. मधली पातळी शोधायची तर आधी ती मोजायला शिकावे लागते, आणि मोजण्याचे शिक्षण आपल्या पदवीच्या वर्गात मिळायला हवे. आज तिथे चापाचे चित्रच काढून घेतले जाते.

ते अवघड नाही, आणि मुरुड-अलिबाग पट्ट्यातल्या विज्ञान महाविद्यालयांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी लागली की खडक उघडे पडतात. कोकण किनाऱ्यावरचा हिरव्या कवचाचा शिंपला उघडला तर नराचे आतले अंग दुधाळ पांढरे आणि मादीचे लालसर नारिंगी असते. नर ओळखायला दुसरी परीक्षा लागत नाही. पाच टक्के परक्लोरिक आम्लात केंद्रके ढवळली की एच-वन विरघळून वर येते आणि गोळ्यातले चारही हिस्टोन खाली राहतात. ही युक्ती १९६४ पासून वापरात आहे. मग आम्ल-युरियाच्या जेलवर तीन ओळी शेजारी शेजारी चालवाव्यात: कोंबडीचे रक्त, शिंपल्याचे शुक्रद्रव्य, बांगड्याची ती पांढरी पट्टी. बांगड्याचे प्रोटामिन लहान आणि प्रभाराने भरलेले, ते सगळ्यांच्या पुढे पळेल. कोंबडीचे एच-वन आणि एच-फाइव्ह मागे, जवळजवळच्या दोन पट्ट्यांत थांबतील. शिंपल्याची पट्टी कुठे पडते ते विद्यार्थ्याने स्वतः पट्टी लावून मोजावे, आणि त्या अंतरावरून ती कुणाच्या जवळची आहे यावर वर्गात वाद घालावा.